बायोप्सीचा ब्लॉक जपा, आत्याचा आजार विचारा

पन्नाशी ओलांडलेले पुरुष, त्यांच्या बायका, त्यांची मुलंमुली आणि त्यांच्यावर उपचार करणारे डॉक्टर, या सगळ्यांना ही विनंती आहे. आजच्या आज मनावर घ्यावी इतकी ती निकडीची आहे.

प्रोस्टेटच्या कर्करोगाबद्दल आपल्याकडे दोन समजुती घट्ट बसल्या आहेत. एक म्हणते, हे म्हातारपणाचं दुखणं, संथ चालतं, त्यानं कुणी जात नाही. दुसरी म्हणते, कर्करोग निघाला म्हणजे सगळं संपलं, आता तपासण्यांवर पैसे कशाला घालवायचे. या दोन्हींपायी माणसं जातात. काही पुरुषांची गाठ खरोखरच पंधरा-वीस वर्षं जागची हलत नाही. काहींची पाहता पाहता मणक्यात उतरते. सूक्ष्मदर्शकाखाली या दोन गाठी कधीकधी बऱ्याच सारख्या दिसतात. फरक असतो तो पेशींच्या आत, कोणती जनुकं चालू आहेत आणि कोणती बंद पडली आहेत यात. तो ओळखण्याच्या तपासण्या आता आहेत, त्यावर बेतलेली औषधंही आहेत. पण तपासण्यांना जे लागतं तेच आपण हरवून बसतो. बायोप्सीचा मेणाचा ब्लॉक कचऱ्यात जातो, आणि घराण्यातल्या आजारांबद्दल कुणी विचारत नाही म्हणून कुणी सांगत नाही.

हा आजार आता थोड्यांचा राहिलेला नाही. २०२२ या एका वर्षात जगभरात सुमारे १४ लाख ६७ हजार पुरुषांना प्रोस्टेटचा कर्करोग झाला आणि जवळपास ४ लाख पुरुष त्यानं दगावले. भारतात त्या वर्षी ३८ हजारांच्या आसपास नवे रुग्ण धरले गेले. ‘लॅन्सेट’च्या आयोगानं २०२४ मध्ये दिलेला अंदाज असा, की २०२० मधले १४ लाख वार्षिक रुग्ण २०४० पर्यंत २९ लाख होतील. वाढीचं मुख्य कारण वाढतं आयुष्य, म्हणून ती आपल्यासारख्या देशांत अधिक होणार. आपल्याकडे रुग्ण डॉक्टरकडे येतो तेव्हा पुष्कळदा आजार हाडांपर्यंत पोचलेला असतो, हे कुठल्याही मोठ्या रुग्णालयातला युरोलॉजिस्ट सांगेल.

आता आत काय घडतं ते थोडं समजून घ्या. पुढच्या सगळ्या विनंत्या त्यावर उभ्या आहेत.

आपल्या जवळपास प्रत्येक पेशीत प्रथिनं बनवणारी सुमारे २० हजार जनुकं असतात, आणि ती सगळीकडे तीच असतात. डोळ्याची पेशी डोळ्याची आणि यकृताची यकृताची होते, कारण दोघींत वेगवेगळी जनुकं चालू असतात. जनुक चालू होतं म्हणजे त्याच्या आरएनए नकला निघतात आणि त्या नकलांवरून प्रथिन तयार होतं. नकला किती निघाल्या, यावर पेशीचं वागणं ठरतं. यालाच जनुकांची अभिव्यक्ती म्हणतात. प्रोस्टेटच्या पेशीत हा कारभार पुरुषी हॉर्मोनच्या हुकमानं चालतो. टेस्टोस्टेरॉन पेशीत शिरतं, तिथं त्याचं अधिक जोरकस रूप होतं, ते अँड्रोजन रिसेप्टर नावाच्या प्रथिनाला चिकटतं आणि ही जोडी डीएनएवर बसून शेकडो जनुकं चालू करते. निरोगी ग्रंथीत त्यातून वीर्यातला द्रव तयार होतो. कर्करोगात हीच यंत्रणा पेशींच्या वाढीला जुंपली जाते.

शिकागोमध्ये चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवून दिलं, की अंडकोष काढले किंवा त्यांचं हॉर्मोन रोखलं तर हाडांत पसरलेला प्रोस्टेटचा कर्करोगही मागे हटतो. १९६६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्या रिसेप्टरचं जनुक हाती लागलं थेट १९८८ मध्ये. म्हणजे कारण कळण्याच्या कितीतरी आधी उपचार सापडला होता, आणि आजही तोच पाया आहे. म्हणून पहिली विनंती, हॉर्मोनची इंजेक्शनं डॉक्टरांना न विचारता थांबवू नका. पीएसए (प्रोस्टेटच्या रक्ततपासणीतला आकडा) खाली आला, आता बरं वाटतंय, कशाला दर तीन महिन्यांनी खर्च, असं म्हणून अनेक जण मधेच सोडतात. हॉर्मोन परत वाढलं की बंद पडलेली जनुकं पुन्हा चालू होतात. इंजेक्शनं परवडत नसतील तर अंडकोष काढण्याची शस्त्रक्रिया स्वस्त आहे आणि तितकीच परिणामकारक आहे. तिच्याबद्दलचा संकोच मी समजू शकतो. पण त्या संकोचापायी उपचारच सोडलेला पुरुष पाहिला की जीव तुटतो. नवरा-बायकोनं मिळून डॉक्टरांसमोर हा विषय मोकळेपणानं काढावा.

पीएसएचं म्हणाल, तर तो आकडा स्वतःच जनुकाच्या अभिव्यक्तीचं माप आहे. केएलके३ नावाचं जनुक अँड्रोजन रिसेप्टरच्या हुकमानं चालतं, त्यातून पीएसए हे प्रथिन बनतं आणि त्यातलं थोडं रक्तात झिरपतं. हे लक्षात घेतलं की तीन गोष्टी उलगडतात. ग्रंथी नुसती वाढली किंवा तिला सूज आली तरी आकडा वाढतो, म्हणून एकदा जास्त आला की लगेच घाबरायचं कारण नाही. प्रोस्टेट वाढल्यावर दिली जाणारी फिनास्टेराइड आणि ड्युटास्टेराइड ही औषधं हॉर्मोनचं जोरकस रूप बनूच देत नाहीत, त्यामुळे सहा महिने ते वर्षभरात पीएसए जवळपास निम्मा होतो. तुम्ही या गोळ्या घेत असाल आणि तपासणाऱ्या डॉक्टरांना सांगितलं नसेल, तर चांगला दिसणारा आकडा फसवा असू शकतो. आजच सांगा. तिसरी गोष्ट सर्वांत धोक्याची. दीर्घ उपचारांनंतर काही गाठी आपलं रूपच बदलतात. अँड्रोजन रिसेप्टरची जनुकं बंद करून त्या मज्जापेशींसारखी जनुकं चालू करतात. अशा गाठी यकृतात, फुप्फुसात झपाट्यानं वाढतात आणि पीएसए मात्र खालीच राहतो. त्यामुळे आकडा चांगला असूनही वजन उतरत असेल, नवी वेदना सुरू झाली असेल, भूक मेली असेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दाखवा. डॉक्टरांनी पुन्हा बायोप्सी सुचवली तर “एकदा झालीय ना” म्हणून नकार देऊ नका. पहिल्या बायोप्सीतली गाठ आणि आजची गाठ वागण्यानं वेगळी असू शकते.

गाठ पसरते कशी? वाढीला लगाम घालणारं पीटेन हे जनुक अनेक गाठींत नाहीसं होतं. एमवायसी या जनुकाच्या नकला वाजवीपेक्षा जास्त निघू लागतात. ईझेडएच२ नावाचं जनुक आक्रमक गाठींत चढलेलं असतं, आणि त्याचं प्रथिन इतर जनुकांवर रासायनिक खुणा ठेवून त्यांना गप्प करतं. शेजारच्या पेशींना धरून ठेवणारं ई-कॅडहेरिन कमी पडलं की पेशी सुटी होते. पाठीच्या कण्याभोवती झडपा नसलेल्या शिरांचं जाळं असतं. त्या वाटेनं ती कंबरेच्या मणक्यांपर्यंत पोचू शकते. हाडात गेल्यावर ती हाडाच्या पेशींची काही जनुकं चालू करते, तिथल्या पेशींना चिथावते, आणि वेडंवाकडं, ठिसूळ हाड तयार होऊ लागतं. कंबर धरणं, उठताना कळ येणं, रात्री पाठ दुखून जाग येणं, हे सगळं आपण वयावर आणि मणक्याच्या झिजेवर ढकलतो. साठीच्या पुढच्या पुरुषाची पाठदुखी काही आठवडे मालिश करूनही हटत नसेल, तर पीएसए बघायला सांगा. आणि पाठदुखीबरोबर पायातली ताकद गेली, मांड्यांत बधिरपणा आला किंवा लघवी अडली, तर तो मज्जारज्जूवरचा दाब असू शकतो. अशा वेळी त्याच दिवशी, रात्री असेल तर रात्रीच, मोठं रुग्णालय गाठा. काही तासांचा उशीरही माणसाला कायमचा अंथरुणाला खिळवू शकतो.

आता आत्याबद्दल.

डीएनए दुरुस्त करणारी काही जनुकं असतात. त्यांतलं बीआरसीए२ आईकडून किंवा वडिलांकडून बिघडलेलं आलं, तर दुरुस्तीचं प्रथिन पुरेसं बनत नाही. अशा घरात बायकांना स्तनाचा आणि अंडाशयाचा कर्करोग होण्याची शक्यता वाढते, आणि पुरुषांना प्रोस्टेटचा, तोही बहुधा लवकर येणारा आणि आक्रमक. पसरलेला प्रोस्टेट कर्करोग असलेल्या ६९२ पुरुषांचा एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या जवळपास १२ टक्के पुरुषांत दुरुस्तीच्या जनुकांतला असा जन्मजात बिघाड सापडला आणि त्यात सर्वांत मोठा वाटा बीआरसीए२चा होता. घराण्यात प्रोस्टेटचा कर्करोग झाला होता की नव्हता, यानं त्या प्रमाणात फारसा फरक पडला नाही. म्हणून आजार पसरला असेल तर घरात कुणाला झाला नसला तरी या तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारा. उपयोग तुमच्यासाठीच आहे. बिघाड सापडला तर ओलापरिबसारखी औषधं लागू पडू शकतात. त्या गाठींची दुरुस्तीची क्षमता आधीच लंगडी असते आणि हे औषध उरलेला आधारही काढून घेतं. २०२० पासून त्याचा वापर या आजारात मान्य झाला आहे.

पण आपल्याकडे घराण्याचा इतिहास विचारला की उत्तर काय येतं? “नाही, आमच्यात कुणाला नाही.” आणि आत्याला स्तनाचा कर्करोग झाला होता हे कुणाच्या ध्यानातही नसतं. ती लग्न होऊन दुसऱ्या घरची झाली, तिचा आजार तिच्या सासरच्या खात्यात गेला. चुलत बहिणीचं पोटाचं ऑपरेशन झालं होतं, ते अंडाशयाचं होतं हे बोललं गेलं नाही. काकांना “लघवीचा त्रास” होता, एवढंच कानावर आलं. रक्तानं आलेली जनुकं लग्नानं माहेरी राहत नाहीत किंवा सासरी जात नाहीत. तेव्हा वडील, भाऊ, काका, मामा, आजोबा यांच्याबरोबर आत्या, मावशी, बहिणी आणि त्यांच्या मुलींबद्दलही विचारा. कुठल्या अवयवाचा कर्करोग होता, साधारण कितव्या वर्षी झाला, हे एका कागदावर लिहा आणि फाइलमध्ये ठेवा. वडील किंवा भाऊ यांना प्रोस्टेटचा कर्करोग झाला असेल तर तुमचा धोका साधारण दुप्पट असतो. अशांनी पन्नाशीची वाट न पाहता पंचेचाळिशीलाच डॉक्टरांशी पीएसएबद्दल बोलावं. घरात बीआरसीए२चा बिघाड सापडला असेल तर चाळिशीपासून.

आणि ज्या पुरुषात हा बिघाड सापडतो त्यानं तो मुलींपासून लपवू नये. मुलीला तो जाण्याची शक्यता पन्नास टक्के आहे, मुलालाही तेवढीच. मुलीच्या लग्नाच्या बोलण्यात अडथळा येईल म्हणून वडील गप्प राहतात, हे मी पाहिलं आहे आणि त्यामागची भीती खोटी नाही. तरीही सांगावंच लागेल. वेळीच कळलेल्या मुलीची तपासणी सुरू होऊ शकते. न कळलेल्या मुलीची होत नाही. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात आनुवंशिक कर्करोगासाठी समुपदेशनाची सोय आहे. तपासणीआधी अशा समुपदेशकाशी घरच्यांनी मिळून बोलावं.

आता ब्लॉक. बायोप्सीत सुईनं काढलेले बारीक तुकडे आधी फॉर्मलिनमध्ये आणि मग मेणात बसवले जातात. त्याचा लहानसा ठोकळा तयार होतो. त्याचे पातळ काप काचपट्टीवर घेऊन पॅथॉलॉजिस्ट ग्लीसन श्रेणी, म्हणजे गाठ किती आक्रमक दिसते ते, ठरवतो. रिपोर्ट हातात पडला की बहुतेकांना वाटतं काम झालं. खरं तर गाठीतली जनुकं वाचायची असतील तर ती त्या ठोकळ्यातच असतात. रिपोर्टाच्या कागदात त्यांतलं फार थोडं उतरतं. बीआरसीएची गाठीतली तपासणी, पीटेनची तपासणी, दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टचं मत, सगळ्यांना तो लागतो. गावातल्या लॅबमधून मुंबई-पुण्याला आलेल्या रुग्णाकडे ब्लॉक नसतो, लॅबकडे चौकशी केली तर जुने ब्लॉक काढून टाकलेले असतात, आणि सत्तर वर्षांच्या माणसाला पुन्हा सुया टोचाव्या लागतात.

म्हणून बायोप्सीच्या दिवशीच विचारून ठेवा, ब्लॉक किती दिवस ठेवणार आणि तो कसा मिळेल. दुसऱ्या रुग्णालयात जाताना लेखी अर्ज देऊन ब्लॉक आणि स्लाइड दोन्ही घ्या, पावती ठेवा, काम झालं की परत मागून घ्या. तो कोरड्या, थंड जागी ठेवा. मेण उन्हात वितळतं, विदर्भात मे महिन्यात बंद गाडीत पुढच्या काचेपाशी तो ठेवू नका. आणखी एक. दुर्बिणीतून प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं असेल, तर काढलेले तुकडे तपासायला पाठवले का, हे स्पष्ट शब्दांत विचारा. साधी वाढ म्हणून केलेल्या ऑपरेशनच्या तुकड्यांत कधीकधी कर्करोग सापडतो. तुकडे बादलीत गेले तर तो पुढची काही वर्षं कुणालाच कळत नाही.

एवढं सगळं वाचून प्रत्येक गाठीवर शस्त्रक्रिया करून घ्यावी असं वाटत असेल, तर थांबा. ब्रिटनमधल्या प्रोटेक्ट अभ्यासात ग्रंथीपुरताच आजार असलेल्या १६४३ पुरुषांचे तीन गट केले होते. एकावर शस्त्रक्रिया, दुसऱ्यावर रेडिएशन, तिसऱ्यावर फक्त लक्ष. पंधरा वर्षांनी तिन्ही गटांत मिळून प्रोस्टेटच्या कर्करोगानं दगावलेले होते २.७ टक्के, आणि गटागटांत फारसा फरक नव्हता. कमी धोक्याच्या गाठीला घाई नको. लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता ही मोठी किंमत आहे, ती उगाच मोजू नये. अडचण मधल्या गाठींची असते, धड सौम्य नाहीत, धड आक्रमक नाहीत. त्यांच्यासाठी जनुकांच्या नकला मोजणाऱ्या तपासण्या निघाल्या आहेत. डिसायफर २२ जनुकं पाहते, ऑन्कोटाइप डीएक्स १७, प्रोलॅरिस ४६. त्या महाग आहेत आणि सगळ्यांना लागत नाहीत. आपल्या निर्णयात अशा तपासणीनं फरक पडणार आहे का, हे डॉक्टरांना विचारून मगच करा.

या तपासण्या अमेरिकेत, मुख्यतः तिथल्या गोऱ्या पुरुषांच्या गाठींवर उभ्या राहिल्या. हे मला सगळ्यांत जास्त टोचतं. २००५ मध्ये मिशिगन विद्यापीठात स्कॉट टॉमलिन्स आणि अरुल चिन्नय्यन यांनी शोधून काढलं, की प्रोस्टेटच्या अनेक गाठींत टीएमपीआरएसएस२ या हॉर्मोनवर चालणाऱ्या जनुकाचा तुकडा तुटून ईआरजी या वाढीच्या जनुकाला जोडला जातो. मग पुरुषी हॉर्मोन ईआरजीलाच हाकू लागतं. पाश्चात्त्य पुरुषांत निम्म्याच्या आसपास गाठींत हे जोडकाम दिसतं. चीन आणि जपानमध्ये बरंच कमी. हा शोध लागला तो अनेक रुग्णांच्या गाठींतल्या जनुकांच्या अभिव्यक्तीची साठवलेली माहिती चाळताना. सरासरी पाहिली तर काहीच दिसत नव्हतं, पण काही रुग्णांत ईआरजी अफाट चढलेलं होतं, आणि नेमकी तीच खूण निघाली. त्या रुग्णांनी आपल्या गाठीचा तुकडा संशोधनाला दिला नसता तर तो शोध त्या वेळी लागला नसता. तसंच २०१४ मध्ये अमेरिकेत ६२ रुग्णांनी रक्त दिलं म्हणून कळलं, की गाठीत रिसेप्टरचं एआर-व्ही७ हे आखूड रूप बनत असेल तर एन्झालुटामाइड आणि अबिराटेरॉन ही औषधं जवळपास चालत नाहीत. आपल्या पुरुषांच्या गाठी कशा वागतात हे आपल्याच गाठींतून कळणार आहे. टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी गाठींच्या ऊतींचा संग्रह होतो. शस्त्रक्रियेआधी संमतिपत्र समोर आलं, तर निदानासाठी लागणारा भाग बाजूला ठेवून उरलेला संशोधनाला द्यायला हो म्हणा. त्यासाठी तुमच्या शरीरातून जास्तीचं काही काढलं जात नाही, नावही उघड केलं जात नाही. शंका असतील त्या सगळ्या विचारा, आणि समाधान झालं तर सही करा.

खर्चाची भीती खरी आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या अनेक उपचारांचा समावेश आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. ओपीडीच्या रांगेत लागण्याआधी त्याला भेटा. अबिराटेरॉन भारतीय कंपन्यांची मिळते, पूर्वीपेक्षा पुष्कळ स्वस्त. चिठ्ठीवर ब्रँडचं नाव असेल तर स्वस्त पर्याय चालेल का, हे डॉक्टरांना विचारायला लाजू नका.

शेवटी डॉक्टर आणि लॅबचालक मित्रांना. बायोप्सीचे तुकडे लगेच १० टक्के बफर्ड फॉर्मलिनमध्ये टाका, टेबलावर वाळू देऊ नका. हाडाच्या बायोप्सीतलं कॅल्शियम तीव्र आम्लानं काढलं की डीएनए आणि आरएनए दोन्ही खराब होतात, तिथं ईडीटीए वापरा, दोन दिवस जास्त लागले तरी चालतील. रुग्णाला त्याच्या आत्याबद्दल, बहिणीबद्दल विचारा आणि केसपेपरवर लिहा. आणि जागा नाही म्हणून जुने ब्लॉक काढून टाकायची वेळ आली, तर टाकण्याआधी त्या रुग्णाच्या घरी एक फोन करा.